बाबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड: त्यांना आठवतोय, पण सांगता येत नाहीये

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायची वेळ आज आली. माझे बाबा तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते, निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच काम लावून धरलं होतं, कृष्णेच्या पुरांच्या आठवणी गोळा करायचं. २००५ चा पूर, २०१९ चा, २०२१ चा, कुणाच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठपर्यंत, कुणाची जनावरं कुठे हलवली, म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या, सगळं स्वतः गावोगावी फिरून रेकॉर्ड केलंय आणि टाईप केलंय. ते सगळं त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहे.
दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालत नाही आणि बोलणं गेलंय, डॉक्टर वाचाघात म्हणतात, म्हणजे समजतं सगळं पण शब्द बाहेर येत नाही. लॅपटॉपला पासवर्ड आहे आणि तो फक्त त्यांनाच माहीत.
चुकीचा पासवर्ड टाकला की खाली इशारा येतो, इंग्रजी अक्षरांत "आजोळ" असं लिहिलेलं आहे. मी बाबांपुढे बसून एकेक गाव घेतलं, औदुंबर, ब्रह्मनाळ, अंकलखोप, भिलवडी. भिलवडी म्हटल्यावर मान हलली, डोळ्यात पाणी आलं. पुढे काही आकडे आहेत का विचारलं, हो. साल? हो. २००५ वर पुन्हा मान हलली. म्हणजे शब्द मिळाला, साल मिळालं, तरी कुलूप उघडत नाही!! भिलवडी इंग्रजीत लिहायची म्हणजे व्ही की डब्ल्यू, मध्ये ए घालायचा की नाही, पहिलं अक्षर मोठं की लहान, सगळं करून बघितलं, वहीत टिकमार्क करत करत साठच्या वर प्रकार झाले. प्रत्येक वेळी "चुकीचा पासवर्ड".
आता मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, उपाय काय. दुसरी, ज्याअर्थी मशीनला चूक कळते त्याअर्थी बरोबर काय तेही त्याला माहीत असणार ना? मग ते कुठूनतरी वाचून काढता येत नाही का?

रात्रपाळी
ताई, आधी बाबांची तब्येत सांभाळा. स्पीच थेरपी सुरू केली असेलच, नसेल तर उशीर करू नका.
आता लॅपटॉपचं. अकाउंट मायक्रोसॉफ्टचं ईमेलवालं आहे की नुसतं त्या मशीनपुरतं? ईमेलवालं असेल तर दुसऱ्या फोनवरून रीसेट होतं. आणि फायलीच हव्या असतील तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की बहुतेक वेळा सरळ दिसतात.

कृष्णाकाठची_लेक
मशीनपुरतंच आहे, ईमेल नाही. हार्डडिस्कचं एका दुकानात करून बघितलं, त्याने लावली तर ती डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी निघाली. माझ्या मावसभावाने हा लॅपटॉप बाबांना दिला तेव्हा त्याने बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू करून दिलं होतं, चांगल्या हेतूने, चोरीला गेला तर फायली जाऊ नयेत म्हणून. त्याची ४८ आकडी की एका पेनड्राइव्हवर ठेवली होती, तो पेनड्राइव्ह २०१९ ला घरात पाणी आलं तेव्हा गेला. दुकानदार म्हणाला फॉरमॅट करून देतो, नवीनसारखा चालेल. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

रात्रपाळी
उचलून आणलात ते फार बरं केलंत. कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका, अगदी कुणालाही. बिटलॉकरची की नसेल तर डिस्क बाहेर काढून काही हाती लागणार नाही, पण त्याच मशीनमध्ये असताना आतली टीपीएम नावाची किल्ली जपणारी चिप डिस्क स्वतः उघडते आणि मग लॉगिनचा पडदा येतो. म्हणजे तुमच्यासाठी एकच दार उरलंय आणि ते म्हणजे बाबांचा खरा पासवर्ड. डिस्क परत त्याच मशीनमध्ये बसवलीय ना? बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगला हात लावू नका, अपडेट करू नका, नाहीतर तीच ४८ आकडी की मागत बसेल.

पायरीचा_आंबा
माफ करा, मनात आलं ते विचारतो. इथे कुणीही येऊन वडिलांचा लॅपटॉप आहे म्हणू शकतं. ताईंवर अविश्वास नाही, पण कुलूप तोडायच्या युक्त्या उघड्या धाग्यावर देऊ नयेत असं माझं मत.

रात्रपाळी
मत रास्त आहे. म्हणूनच तोडायचं काहीच सांगत नाहीये, आठवायचंच सांगतोय. ज्याचा पासवर्ड तो माणूस समोर आहे, मान हलवून साथ देतोय.

अनुस्वार
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण कॉलेजात हेच शिकवते आणि दर वर्षी कुणीतरी मूल हाच प्रश्न विचारतं.
मशीनकडे पासवर्ड नसतोच. तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड ठेवता तेव्हा मशीन तो दळतं आणि फक्त पीठ जपून ठेवतं, गहू टाकून देतं. पुढच्या वेळी तुम्ही जे टाईप कराल तेही त्याच गिरणीत त्याच जाडीवर दळायचं आणि दोन्ही पिठं शेजारी ठेवून बघायची. जुळली तर आत या. पिठाचा परत गहू होत नाही. एक अक्षर जरी बदललं, मोठ्याचं लहान झालं, तरी पीठ पूर्ण वेगळं निघतं, थोडंसं वेगळं नाही. म्हणून "जवळपास बरोबर" असं मशीन कधी सांगू शकत नाही. तुमचे साठ प्रयत्न त्याच्या लेखी सगळे सारखेच चूक. ह्या पिठाला हॅश म्हणतात.
पहिल्यापासून असं नव्हतं. एमआयटीत १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या गटाने एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी काम करायची पद्धत दाखवली, सीटीएसएस नावाची. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यात पासवर्ड आले, पण ते साध्या फाईलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असायचे. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला वाट्याला आलेला मशीनचा वेळ पुरेना, त्याने ती फाईलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम केलं. पुढे युनिक्स ह्या कार्यप्रणालीवर रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन ह्यांनी दळून ठेवायची पद्धत पक्की केली, त्यांचा १९७९ चा लेख मी अजून वर्गात वाचून दाखवते. त्यांनी आणखी एक केलं, दळण्याआधी प्रत्येकाच्या गव्हात वेगळी चिमूट टाकली. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं. त्या चिमटीला सॉल्टच म्हणतात, मीठ.
एवढं सगळं माहीत असून २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेही न दळलेले, जसेच्या तसे. सगळ्यात जास्त लोकांचा होता १२३४५६.
म्हणून ताई, ते वाचून काढणं विसरा. आठवणच दुरुस्त करावी लागेल.

कृष्णाकाठची_लेक
आत्ता कळलं. मला वाटत होतं मशीन मुद्दाम लपवतंय, राग येत होता त्याचा. म्हणजे त्यालाही माहीत नाहीये आणि बाबांना सांगता येत नाहीये.

म्युनिकची_मावशी
कीबोर्डच बदललाय का बघा! मी जर्मनीत आले तेव्हा दोन दिवस माझ्याच लॅपटॉपच्या बाहेर बसले होते. इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड उलटे असतात, आणि माझ्या पासवर्डमध्ये वाय होता. मी वाय दाबतेय, मशीन झेड घेतंय, आणि समोर नुसते ठिपके. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषा लिहिलेली असते, तिथे काय दिसतंय?

कृष्णाकाठची_लेक
तिथे इंजी (म्हणजे इंग्रजी) आणि मराठी दोन्ही येतात, बाबा मराठी टाईप करायचे म्हणून. मराठीवर करून पण "भिलवडी" टाकून बघितलं, नाही उघडलं. डोळ्याच्या चिन्हावर दाबून अक्षरं बरोबर उमटतायत तेही बघितलं. सध्या इंजीवर आहे, सुरू केल्यावर ते आपोआप इंजीवरच येतं.

टंकनवाला
ताई, मी पण सरकारी नोकरीतून रिटायर, ३१ वर्षं टेबलावर काढली. एक विचारतो, बाबा मराठी कसं टाईप करतात? तुम्ही पोरं करता तसं इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवतात, का इन्स्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक कळेला थेट मराठी अक्षर ठरलेला तो सरकारी कळफलक?

कृष्णाकाठची_लेक
इन्स्क्रिप्टच काका. ऑफिसात शिकले होते. कीबोर्डकडे न बघता करतात, म्हणजे करायचे. इंग्रजी टाईप करताना मात्र एका बोटाने शोधत शोधत.

टंकनवाला
मग माझं ऐका. असं माझ्याच बाबतीत झालंय म्हणून ठामपणे लिहितोय.
ज्याची बोटं इन्स्क्रिप्टवर बसलीत तो माणूस भिलवडी हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने लिहीतच नाही. त्याच्या बोटाला भ माहितीय, ऱ्हस्व वेलांटी माहितीय. पासवर्ड ठेवताना पडद्यावर ठिपके दिसतात, त्यामुळे भाषा इंग्रजीवर आहे का मराठीवर ते कळायला मार्ग नाही. बाबांनी मराठी समजून भिलवडी मारलं असणार, आणि मशीन इंग्रजीवर असणार. मशीनने काय घेतलं? भ म्हणजे शिफ्ट दाबून वाय. वेलांटी म्हणजे एफ. ल ला एन, व ला बी, ड ला पी च्या शेजारचा चौकोनी कंस, दीर्घ वेलांटीला आर. झाला पासवर्ड! पुढे २००५.
तुम्ही म्हणाल खाली परत एकदा टाईप करायला लावतात ना, खात्री करायला. हो, पण तो दुसरा बॉक्ससुद्धा ठिपक्यांचाच. बोटांनी दुसऱ्यांदाही तेच केलं, दोन्ही जुळले, मशीन खूश. त्या बॉक्समध्ये फक्त एवढंच तपासलं जातं की हाताने दोनदा एकच गोष्ट केली, तुम्ही मनात जो शब्द धरलाय तोच लिहिला गेला का हे कोणी तपासत नाही. आणि मग रोज लॉगिनला मशीन इंग्रजीवरच सुरू होणार, बाबा भिलवडी मारणार, दार उघडणार. त्यांना वर्षानुवर्षं कळलंही नसेल की आपला पासवर्ड मराठी नाहीये.
आणि तुमचा तो इशारा, तो इंग्रजी अक्षरांत का? कारण इशाऱ्याच्या रकान्यात अक्षरं दिसतात. तिथे त्यांना दिसलं असणार की इंग्रजी उमटतंय, म्हणून शोधत शोधत तसं लिहिलं. वरच्या दोन रकान्यांत ठिपके होते, तिकडे कोण परत बघतंय.
करून बघा आणि इथे सांगा. कॅप्स लॉक बंद आहे ना तेवढं आधी बघा.

कृष्णाकाठची_लेक
काका!!!!!
उघडला. उघडला काका. पहिल्याच प्रयत्नात. मी आणि आई दोघी रडतोय. नंतर लिहिते.

रात्रपाळी
🙏🙏 टंकनवाला काकांना साष्टांग.
ताई, आनंद करा पण आत्ता लगेच, आजच, दोन कामं करा. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी, एक नाही दोन. आणि कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकरच्या रिकव्हरी कीचा बॅकअप घेऊन ती कागदावर प्रिंट करा. मग पासवर्ड बदला, कारण तो आता ह्या धाग्यावर लिहिला गेलाय.

अनुस्वार
अंगावर काटा आला वाचून. इन्स्क्रिप्ट १९९१ मध्ये भारतीय मानक झालं हे मी दर वर्षी सांगते, पण ते असं कुणाच्या घरात दार होऊन उभं राहील असं कधी मनात आलं नव्हतं.
रात्रपाळी म्हणतात ते आज कराच.

कृष्णाकाठची_लेक
(काल रात्री लिहायचं राहिलं.) सगळं कॉपी झालं, की प्रिंट केली, पासवर्ड बदलला.
एक सांगायचंय. मी बाबांना भिलवडी, २००५ असं विचारत होते ना, तेव्हा ते मान हलवायचे आणि डाव्या हाताची करंगळी चादरीवर दाबून धरायचे. प्रत्येक वेळी. आम्हाला वाटायचं हात दुखतोय, आई तिथे तेल चोळायची. काल लॅपटॉप मांडीवर घेऊन काकांनी सांगितलं तसं भ काढायला गेले आणि माझीच डावी करंगळी शिफ्टवर गेली. तसाच हात. बाबा मला सांगत होते, शिफ्ट दाब. दोन महिने सांगत होते.
बाबांना जाऊन सांगितलं, करंगळी धरून. हसले. अर्ध्याच चेहऱ्याने हसता येतं त्यांना, पण हसले.

म्युनिकची_मावशी
काय लिहू. माझ्या बाबांना आत्ता फोन लावते.

टंकनवाला
बाबांना माझा नमस्कार सांगा. कळफलकावर आयुष्य काढलेला माणूस, बोटानेच बोलणार.

पायरीचा_आंबा
ताई, माझी शंका मागे घेतो, आणि मनापासून आनंद झाला.
ह्यानिमित्ताने घरोघरी काय करावं ते बोलूया का? माझ्या वडिलांचं सगळं बँकेपासून फोटोपर्यंत त्यांच्या डोक्यात आहे. मला वहीत लिहून ठेवायची भीती वाटते, लहानपणापासून ऐकलंय पासवर्ड लिहू नये.

रात्रपाळी
घरातल्या कपाटातल्या वहीपर्यंत यायला चोराला घरात यावं लागतं, आणि तो आला तर तो दागिने बघेल. लोकांना गंडा बसतो तो एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरल्यामुळे. एका ठिकाणचा फुटला की बाकी नऊ दारं आपोआप उघडी. त्यामुळे मी तर म्हणेन लॅपटॉपचा, ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपणारं ॲप, वापरत असाल तर त्याचा मुख्य, एवढे तीन कागदावर लिहा, पाकिटात घाला, सोन्याच्या डबीशेजारी ठेवा. बाकीचे मॅनेजरमध्ये. यूपीआयचा पिन मात्र लिहायचा नाही, तो चार-सहा आकडी असतो, तो डोक्यातच.

अनुस्वार
सहमत. आणि दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती, एक मोठं अक्षर एक चिन्ह एक आकडा, ह्या नियमांनी लोकांची आठवण मोडते, दुसरं काही होत नाही. अमेरिकेच्या निस्ट ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ मध्ये हे नियम लादू नका म्हणून लिहिलं. ज्या बिल बर ह्यांनी २००३ मध्ये जुने नियम लिहिले होते त्यांनीही नंतर खेद व्यक्त केला. लांबी महत्त्वाची. आर्नोल्ड राइनहोल्ड ह्यांची १९९५ ची डाइसवेअर पद्धत मला आवडते, फासे पाच वेळा टाकायचे, आलेल्या आकड्यांवरून ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. फासा निवडतो म्हणून त्यात आजोळ येत नाही, मुलाचं नाव येत नाही.

शेवगा
मराठी शब्द घेतले तर? ताईंच्या बाबांसारखे इन्स्क्रिप्टने मारायचे, म्हणजे स्पेलिंगचा घोळच नाही, भिलवडी देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहितात. मी "दुसऱ्या" हा शब्द घालून सरळ मराठीतच पासवर्ड ठेवला होता, तो एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही, अजून कारण कळलेलं नाही.

अनुस्वार
शेवगा, तुमचं कारण तो ऱ्या असू शकतो. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे क्रमांक देतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खा ऱ म्हणून आणि एक र च्या खाली नुक्ता (टिंब) देऊन. पडद्यावर हुबेहूब एकच दिसतं, आत गहू वेगळा, पीठ वेगळं. काही सॉफ्टवेअर दळायच्या आधी दोन्ही एकसारखे करून घेतात, काही नाही घेत. म्हणून देवनागरीत पासवर्ड ठेवायला मी सुचवणार नाही.
इंग्रजीवर ठेवून इन्स्क्रिप्टने मारणं चालेल, पण दोन गोष्टी. एकच शब्द असेल तर तो कच्चाच, फोडणाऱ्यांना कळफलकांचे नकाशे माहीत असतात, सहा शब्द घ्या. आणि फोनच्या कीबोर्डवर बोटाची ती सवय चालत नाही, म्हणून फक्त लॅपटॉपसाठी.

म्युनिकची_मावशी
आणि कागदावर लिहिताना शब्द नका लिहू, कुठल्या कळा दाबायच्या ते लिहा. भिलवडी लिहिलं असतं तरी ताई बाहेरच राहिल्या असत्या ना. माझ्या आईने तिच्या वहीत आधारच्या पीडीएफचा पासवर्ड "नाव आणि साल" असा लिहिला होता, आता नावाची पहिली चार अक्षरं, कॅपिटलमध्ये, मग जन्मसाल, असं सुटं सुटं लिहायला लावलं. तो पासवर्ड तसा गुप्त नाहीच, नियम सगळ्यांना माहितीय, पण तिला उघडता तर आलं पाहिजे.

टंकनवाला
लिहून झालं की लिहिलेल्या कागदावरूनच एकदा लॉगिन करून बघायचं, आणि ते आपण नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचं, आपण खोलीच्या बाहेर उभं राहायचं. आमच्याकडे मी आणि मंडळी दर दिवाळीला, साफसफाईत पाकीट हाताला येतंच तेव्हा, हे करतो. गेल्या वर्षी सौ.ला माझा सात एक सारखा वाटला, तेव्हा कळलं माझं अक्षर बिघडलंय.

पायरीचा_आंबा
ही दिवाळीची कल्पना उचलतो. रविवारी वडिलांशी बसतो.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे आभार कसे मानू. नवीन पासवर्ड बाबांनीच ठरवला, मी शब्दांची यादी वाचत गेले आणि ते फासे टाकत होते, डाव्या हाताने. थेरपीवाल्या ताई म्हणाल्या हाताला व्यायाम पण झाला. कळा लिहून काढल्या, आईने कागदावरून उघडून दाखवला, मी दाराबाहेर उभी होते.
फोल्डरमध्ये २१४ रेकॉर्डिंग निघाली. आज पहिलं लावलं, ब्रह्मनाळची एक आजी ओवी म्हणतेय आणि मध्येच बाबांचा आवाज येतो, "आजी, पुन्हा एकदा म्हणा, सावकाश." दोन महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला घराने. बाबा कान देऊन ऐकत होते आणि आजीच्या मागोमाग ओठ हलवत होते, थेरपीवाल्या ताईंनी रोज हेच लावायला सांगितलंय.